उपचाराला अनुमती कोणाची?

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपण कृतघ्न माणसाला उद्देशून वापरतो. परंतु किंचित विचार केल्यास तीत व्यवहारातले एक जुने सत्यही दडलेले आढळेल. ज्याचा चरितार्थ लोकांच्या आजारावर चालतो, त्याची आठवण लोकांना आजारापुरतीच राहावयाची. आणि तो स्वतः कितीही सज्जन असला, तरी गावात कोणीच आजारी पडले नाही तर त्याच्या घरची चूल पेटणे कठीण व्हावयाचे. वैद्याचे हित आणि रोग्याचे हित एकाच दिशेला कसे वळवावे, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक समाजापुढे कधी ना कधी उभा राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाला जे उत्तर शोधण्यात आले, त्याला तिकडे ‘मॅनेज्ड केअर’ असे म्हणतात.

या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द देणे सोपे नाही. ‘व्यवस्थित शुश्रूषा’ म्हणावे, तर ती कोणाला नको आहे? ‘नियंत्रित शुश्रूषा’ म्हणावे, तर हे नियंत्रण कोणाचे, असा प्रश्न लगेच मनात येतो. खरे पाहता सगळा वाद त्याच प्रश्नाचा आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आपण ‘नियंत्रित शुश्रूषा’ हाच शब्द वापरू.

२०१० साली अमेरिकेत आरोग्यविम्याच्या पद्धतीत फार मोठी सुधारणा झाली. त्या सुधारणेमुळे या नियंत्रणाचे काय झाले, ते सैल झाले की अधिक आवळले गेले, हे आज पाहावयाचे आहे. विषय दूरदेशीचा असला तरी परका नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली, भाचे-पुतणे तिकडे नोकरीस आहेत. ‘कंपनीची मंजुरी आली नाही, म्हणून तपासणी पुढे ढकलली’ असे ते सांगतात, तेव्हा इकडचे आईवडील बुचकळ्यात पडतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासणीला कंपनीची मंजुरी कशाला? आणि आता तर आपल्याकडील रुग्णालयांच्या खिडक्यांपाशीही हेच वाक्य कानी पडू लागले आहे.

वाळवंटातील इस्पितळ

नियंत्रित शुश्रूषेचा जन्म नफ्याच्या हव्यासातून झाला, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. १९३३ साली सिडनी गारफील्ड नावाच्या एका तरुण शल्यचिकित्सकाने दक्षिण कॅलिफोर्नियातील वाळवंटात, डेझर्ट सेंटर या वस्तीजवळ, बारा खाटांचे एक इस्पितळ उघडले. कोलोरॅडो नदीचे पाणी दूरच्या शहरांकडे नेणाऱ्या कालव्याचे काम त्या भागात चालू होते आणि हजारो मजूर तेथे राबत होते. रोग्यांना तोटा नव्हता. तोटा होता तो पैशाचा. मजुरांजवळ फी नसे, आणि अपघाताचा विमा उतरविणाऱ्या कंपन्या बिले वेळेवर चुकवीत नसत. इस्पितळ बंद करण्याची पाळी आली, तेव्हा एक तोड निघाली. विमा कंपन्यांनी दर मजुरामागे दर दिवशी पाच सेंट आगाऊ द्यावे, आणि कामावरील अपघाताखेरीज इतर आजारांसाठी मजुराने स्वतःचे आणखी पाच सेंट द्यावे. त्याबदल्यात इस्पितळाने सर्व उपचार करावे.

या साध्या योजनेने डॉक्टरांच्या हिशेबाची दिशाच बदलली. पैसे आधीच हाती आलेले असल्याने मजूर जखमी होण्यात आता लाभ नव्हता, तो धडधाकट राहण्यात होता. खिळे पायात घुसून मजूर वरचेवर इस्पितळात येऊ लागले, तेव्हा गारफील्ड कामाच्या जागी जाऊन ते उघडे खिळे ठोकून घेऊ लागला, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे १९३८ मध्ये उद्योगपती हेन्री कैसर यांनी ग्रँड कूली धरणाच्या मजुरांसाठी, आणि महायुद्धाच्या काळात रिचमंडच्या जहाजबांधणी कारखान्यांसाठी, हीच पद्धत स्वीकारली. १९४५ साली ती सर्वसामान्य जनतेस खुली झाली. आज त्या संस्थेचे सव्वा कोटीच्या आसपास सभासद आहेत.

आपल्याकडेही ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. कामगार राज्य विमा कायदा १९४८ साली झाला आणि १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर येथे त्या योजनेचे उद्घाटन झाले. ती मुंबईत आली, तेव्हा गिरणी कामगारांच्या वस्तीतील ‘पॅनेल डॉक्टर’ कामगारांच्या चांगला परिचयाचा झाला. त्या डॉक्टराला दर भेटीची फी मिळत नसे. त्याच्या यादीतील कामगारांच्या संख्येवरून ठरावीक रक्कम मिळे. गारफील्डच्या पाच सेंटांची ही सख्खी बहीणच म्हणावयाची.

नाण्याची दुसरी बाजू

परंतु जी रक्कम आगाऊ हाती येते, ती दोन रीतींनी वाचविता येते. रोग टाळून वाचविता येते, तशीच उपचार टाळूनही वाचविता येते. पहिली रीत सावकाशीची व कष्टाची आहे. दुसरी झटपट साधणारी आहे. सगळे अनर्थ येथूनच सुरू झाले.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७३ च्या डिसेंबरात एका कायद्यावर सही करून अशा संस्थांना सरकारी उत्तेजन दिले. जे मालक आपल्या पंचवीस किंवा अधिक नोकरांना विमा देत असत, त्यांनी जवळपास मान्यताप्राप्त संस्था असल्यास तिचाही पर्याय नोकरांपुढे ठेवावा, असे बंधन त्या कायद्याने घातले. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सर्वांसाठी विम्याची योजना मांडली. ती १९९४ मध्ये बारगळली. तथापि वाढत्या खर्चाने त्रासलेले मालक आपण होऊनच नियंत्रित शुश्रूषेकडे वळले. आता या क्षेत्रात नफ्यासाठी चालणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या उतरल्या होत्या. त्यांची साधने मुख्यतः चार होती. ठरलेल्या यादीतील डॉक्टर व रुग्णालये यांच्याकडेच जावयाचे. तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरची चिठ्ठी घ्यावयाची. मोठी तपासणी किंवा शस्त्रक्रिया करण्यापूर्वी कंपनीची मंजुरी मिळवावयाची. आणि डॉक्टरला दर माणशी ठोक रक्कम द्यावयाची.

ही साधने मुळात वाईट नाहीत. अनावश्यक शस्त्रक्रिया, पुनःपुन्हा केलेल्या त्याच त्या तपासण्या, गरजेपेक्षा महाग औषधे, यांचा सुळसुळाट अमेरिकेत आहे आणि आपल्याकडेही नाही असे नाही. त्यांना कोणीतरी आवर घातलाच पाहिजे. परंतु रोग्याचे तोंडही न पाहिलेल्या माणसाने दूरच्या कचेरीत बसून मंजुरी द्यावी वा नाकारावी, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखेच होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बाळंतिणींचे आहे. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती द्यावी, तिला वारा लागू देऊ नये, असा रिवाज घरोघर पाळला जात आला. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कित्येक विमा योजना मात्र प्रसूतीनंतर एका दिवसाच्या रुग्णालयवासापलीकडे पैसे देण्यास तयार नसत. बाळाला कावीळ झाली किंवा आईला ताप आला, तर तो घरी गेल्यावरच कळावयाचा. या प्रकाराविरुद्ध इतका गहजब झाला की १९९६ साली अमेरिकन काँग्रेसला कायदा करावा लागला: नैसर्गिक प्रसूती झाल्यास ४८ तास आणि शस्त्रक्रियेने झाल्यास ९६ तास यांहून कमी मुदतीवर विमा योजनेने खर्च मर्यादित करू नये. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीने किती तास अंथरुणावर पडून राहावे, हे ठरविण्यासाठी राष्ट्राच्या संसदेला बसावे लागले, यातच नियंत्रणाची दोरी कोणाच्या हाती गेली होती हे दिसून येते.

न्यायालयाचा आसराही पुरेसा नव्हता. २००४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, मालकामार्फत मिळणाऱ्या विम्यात उपचार नाकारल्यामुळे रोग्याची हानी झाली, तरी राज्याच्या कायद्याखाली विमा कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नाही. त्या प्रकरणातील एका स्त्रीला गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर एकाच दिवसाने घरी पाठविण्यात आले होते.

सुधारणा आली, आणि काय झाले?

२३ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी नव्या आरोग्य कायद्यावर सही केली. त्यापूर्वी एकट्यादुकट्या माणसाने विमा मागितला, तर कंपनी त्याची प्रकृती तपासून पाहत असे. मधुमेह, दमा, पूर्वी होऊन गेलेला कर्करोग, यांपैकी काही आढळले की बहुतेक राज्यांत कंपनीला विमा नाकारण्याची किंवा हप्ता मनमानी वाढविण्याची मुभा असे. म्हणजे छत्री त्यालाच मिळावयाची, ज्याच्या डोक्यावर पाऊस नाही. नव्या कायद्याने १ जानेवारी २०१४ पासून हे दार बंद केले. आधीच्या आजाराच्या कारणाने कोणालाही विमा नाकारता येणार नाही. वृद्धाकडून तरुणाच्या तिपटीहून अधिक हप्ता घेता येणार नाही. प्रसूती, मानसिक आजार, औषधे अशा दहा प्रकारच्या सेवा वैयक्तिक विम्यात असल्याच पाहिजेत. उपचारावर वार्षिक वा आजन्म रकमेची मर्यादा घालता येणार नाही. आणि मुलांना वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत आईबापांच्या विम्यात राहता येईल. २०१० साली अमेरिकेत सुमारे ४ कोटी ८० लाख लोकांना विमा नव्हता. २०२३ मध्ये ही संख्या अडीच कोटींच्या आसपास आली. हे यश लहान नव्हे.

परंतु येथेच एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. कंपनीला खर्च वाचविण्याचे पूर्वी दोन मार्ग होते. आजारी माणसाला दारातच अडवावे, हा एक. आणि आत आल्यावर त्याच्या उपचारांना आवर घालावा, हा दुसरा. कायद्याने पहिला मार्ग बंद केला. साहजिकच सगळा भार दुसऱ्यावर आला. हप्ता कमी ठेवण्यासाठी कंपन्यांनी डॉक्टर व रुग्णालये यांच्या याद्या आखडत्या घेतल्या, आणि मंजुरीचे महत्त्व पूर्वीहून वाढले. पहारेकरी वेशीवरून उठला, तो माजघराच्या दाराशी येऊन बसला.

सरकारी योजनांतही हेच घडले. गरिबांसाठी केंद्र सरकार व राज्ये मिळून जी ‘मेडिकेड’ योजना चालवितात, ती २०१० च्या कायद्याने बरीच विस्तारली. परंतु तिच्यातील सुमारे तीन-चतुर्थांश लोकांची व्यवस्था आज नियंत्रित शुश्रूषेच्या कंपन्यांकडे ठेक्याने दिलेली आहे. वृद्धांसाठी १९६५ च्या कायद्याने निर्माण झालेल्या ‘मेडिकेअर’ योजनेत खाजगी कंपन्यांचा पर्याय निवडणाऱ्यांचे प्रमाण २०२३ पासून निम्म्याहून अधिक झाले आहे. सुधारणेने नियंत्रित शुश्रूषा संपविली नाही. किंबहुना तिचा पसारा वाढविला.

मग सुधारणा करणाऱ्यांना हे दिसत नव्हते काय? काही अंशी दिसत होते. म्हणूनच त्याच कायद्यात नियंत्रणालाही लगाम घालणारी कलमे आहेत. वैयक्तिक व लहान संस्थांच्या विम्यात हप्त्यांच्या रकमेपैकी निदान ८० टक्के आणि मोठ्या संस्थांच्या विम्यात निदान ८५ टक्के रक्कम उपचारांवर व त्यांचा दर्जा सुधारण्यावर खर्च झाली पाहिजे; न झाल्यास फरकाची रक्कम परत द्यावी लागते. प्रतिबंधक तपासण्या व लसी फुकट दिल्या पाहिजेत. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्यास दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालता येत नाही, आणि आणीबाणीच्या उपचाराला आधी मंजुरी मागता येत नाही. सर्वांत मोलाचे कलम म्हणजे दाद मागण्याचे: कंपनीने उपचार नाकारला, तर आधी कंपनीकडेच फेरविचार मागावा, आणि तेथेही नकार मिळाल्यास कंपनीबाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून निर्णय मागावा. तो निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

न मागितलेली दाद

परंतु हक्क कायद्यात असणे वेगळे आणि वापरात येणे वेगळे. अमेरिकन आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी वृद्धांच्या खाजगी योजनांतील नकारांची तपासणी करून २०१८ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील दोन आकडे प्रत्येक कुटुंबाने मनात ठेवण्याजोगे आहेत. २०१४ ते २०१६ या काळात ज्या नकारांविरुद्ध दाद मागण्यात आली, त्यांपैकी सुमारे ७५ टक्के नकार कंपन्यांनी स्वतःच मागे घेतले. आणि दाद मागितली किती जणांनी? शंभरांतून केवळ एकाने. याच कार्यालयाच्या २०२२ च्या अहवालात असे आढळले की, तपासलेल्या पूर्वमंजुरीच्या नकारांपैकी १३ टक्के नकार हे सरकारी नियमांप्रमाणे मंजूर व्हावयास हवे असलेल्या उपचारांचे होते.

या आकड्यांचा अर्थ उघड आहे. पुष्कळसे नकार योग्यतेवर टिकून नसतात. ते रोग्याच्या मौनावर टिकून असतात. आजारी माणूस थकलेला असतो, घरचे धावपळीत असतात, कागदावरील भाषा कळत नाही, आणि ‘कंपनीने नाही म्हटले’ म्हणजे विषय संपला असे मानून लोक गप्प बसतात. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने या बाबतीत आणखी एक नियम केला. सरकारी योजना चालविणाऱ्या कंपन्यांनी २०२६ पासून तातडीच्या मागणीवर ७२ तासांत आणि इतर मागणीवर सात दिवसांत निर्णय द्यावा, आणि नकार दिल्यास त्याचे नेमके कारण कळवावे, असा हा नियम आहे.

आपल्या घराशी याचा संबंध

आपल्या देशातही विम्याचे छत्र झपाट्याने विस्तारत आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा शुभारंभ झाला. तीत दर कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचाराची सोय आहे, आणि आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून धरलेले आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, या योजनेत स्थान मिळाले. खाजगी विम्यातही आधीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत २०२४ मध्ये चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणण्यात आली. दार अधिक उघडले जात आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अमेरिकेच्या अनुभवावरून असे दिसते की, बाहेरचे दार जितके उघडेल तितका आतल्या दारावरील पहारा कडक होतो. ठरलेल्या दरांची यादी, मान्य रुग्णालयांची यादी आणि पूर्वमंजुरी ही तिन्ही साधने आपल्या योजनांतही आलेली आहेत. ती असू नयेत असे कोणी म्हणणार नाही. कारण त्यांच्यावाचून एवढा खर्च पेलणे कोणत्याही सरकारला वा संस्थेला शक्य नाही. ती नियमाने बांधलेली असावीत आणि ते नियम घरोघर ठाऊक असावेत, एवढेच मागणे आहे.

असे काही नियम झालेलेही आहेत. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार, रोकडविरहित म्हणजे ‘कॅशलेस’ उपचाराच्या मागणीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यावयाचा आहे, आणि घरी सोडण्याच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावयाची आहे. कंपनीच्या अंतर्गत समितीच्या संमतीवाचून कोणताही दावा फेटाळता येत नाही. कंपनीचे उत्तर समाधानकारक नसेल, किंवा एक महिन्यात उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी फी पडत नाही व वकीलही लागत नाही. मात्र ही तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते.

गृहिणी आणि घरातील कर्ते या दोघांनीही चार गोष्टी आजार येण्यापूर्वीच करून ठेवाव्या. विम्याची कागदपत्रे व कार्डे एका ठिकाणी ठेवावी आणि ती कोठे आहेत हे घरातील प्रत्येकास सांगून ठेवावे. आपल्या गावातील कोणती रुग्णालये यादीत आहेत, हे दरवर्षी एकदा पाहावे. कारण या याद्या बदलत असतात. मंजुरी नाकारली गेल्यास तोंडी उत्तरावर समाधान न मानता विम्याच्या कोणत्या अटीनुसार नाकारली, हे लेखी मागावे. आणि हा उपचार का आवश्यक आहे, याविषयी आपल्या डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घेऊन त्या पत्रासह फेरविचाराचा अर्ज करावा.

हे सर्व करण्यास फार विद्वत्ता लागत नाही. थोडा धीर मात्र लागतो. राष्ट्राने विम्याची सुधारणा करावी, हे राज्यकर्त्यांचे काम खरेच. परंतु त्या सुधारणेने दिलेला हक्क वापरणे हे घराघरातील माणसांचे काम आहे. अमेरिकेत शंभरांतील नव्याण्णव जण गप्प राहिले. आपल्याकडे हे प्रमाण बदलावयाचे असेल, तर पहिला अर्ज आपल्याच घरातून गेला पाहिजे.